अंगठ्यापुरती जागा

चैतालीला काळजी करायला कारण लागत नसे, आणि कारण मिळालंच तर मग विचारायलाच नको. शनिवारच्या कार्यशाळेने तिला एकदम एकोणीस कारणं दिली होती, आणि ती सगळी तिने वहीत लिहून काढली होती. रंग ताटलीतच वाळतील का. भेंड्या निबर निघतील का. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक वेळेवर येतील का, आणि आले तर जेवणानंतर पसार होतील का. मुख्याध्यापक बिराजदार सर प्रास्ताविक किती लांबवतील. आणि सगळ्यात वर, लाल शाईने दोनदा अधोरेखित केलेलं: पाणी.

सोलापुरात पाण्याचा दिवस बघितल्याशिवाय कुणी साखरपुडासुद्धा ठरवत नाही. नळ येतो चार दिवसांनी, आणि त्या दिवशी वस्तीतली बाई घर सोडत नाही, मग दारात साक्षात कलेक्टर का येईना. चैतालीने पंधरा दिवस आधी बोटं मोजून मुहूर्त काढला होता. सोमवारी पाणी, मग शुक्रवारी पाणी. शनिवारी भांडी भरलेली, बाया मोकळ्या. यापेक्षा चांगला दिवस पंचांगवाल्यालाही सापडला नसता.

ती वस्तीतल्याच शाळेत चौदा वर्षं चित्रकला शिकवत होती. इतक्या वर्षांत तिने शिक्षकांची पुष्कळ प्रशिक्षणं बघितली होती. तिथे एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि मागच्या बाकावरचे डाव्या हाताने मोबाईल बघत उजव्या हाताने सही करतात. तिला तसलं काही नको होतं. हात रंगात बुडतील, असं काहीतरी हवं होतं. म्हणून ठसेकाम. कापलेली भेंडी, कांदा, पिंपळाचं पान, दोरा, अंगठा; जे हाताला लागेल त्याचा ठसा. शिक्षक अठरा आणि वस्तीतल्या विडीकामगार बायका वीस, एकाच सतरंजीवर. बिराजदार सरांनी आधी भुवया उंचावल्या होत्या. "बाई, शिक्षकांचं मी बघतो. पण बायका येतील का ओ? शाळेत पालकसभेला येत नाहीत त्या." चैताली म्हणाली होती, "येतील सर." म्हणाली खरी, पण खात्री तिलाही नव्हती.

कारण बायका येणार की नाही, हे एकाच बाईवर होतं, आणि ती बाई म्हणजे तिची आई.

नागूबाई शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. चैताली लग्न करून सतीशबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली तरी नागूबाईने खोली सोडली नव्हती. तीस वर्षं विड्या वळल्या, आता गुडघे धरतात म्हणून कमी वळायची, पण वस्तीत तिचा शब्द चालायचा. कुणाच्या घरी भांडण असो की मयत, नागूबाई आधी तिथे. मात्र लेकीच्या शाळेत चौदा वर्षांत तिने एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. चैताली बोलवायची, ती म्हणायची, "माजं काय काम शाळंत? तुजं तू शिकीव." गंमत म्हणजे रोज संध्याकाळी लेक भेटायला आली की हीच बाई विचारायची, "चित्र शिकिवती म्हंजे काय शिकिवती गं? पोरं तर आपल्याआपन काडत्यात." आणि चैतालीला काही केल्या ते सांगता यायचं नाही. एकदा तरी आईने येऊन बघावं, समोर बसावं, आपण तिच्या हातात कागद द्यावा, एवढंच चैतालीला हवं होतं. एकोणीस कारणं वहीत होती. हे विसावं तिने लिहिलं नव्हतं, कारण लिहिलं असतं तर पान तिथेच संपलं असतं.

बुधवारी ती संमतीपत्र घेऊन आईकडे गेली. कार्यशाळेत फोटो काढणार, त्याला हरकत नाही, एवढंच त्यात होतं.

"वाच," नागूबाई म्हणाली.

चैतालीने वाचलं.

"परत वाच. सावकास."

चैतालीने परत वाचलं. मग नागूबाईने पेन घेतलं, कागद मांडीवरच्या सुपावर ठेवला आणि जीभ दातात धरून सही काढली. सही काढली हेच बरोबर, कारण ती लिहीत नव्हती, चित्र काढावं तशी काढत होती. ना, गू, बा, ई. सही झाल्यावर तिने पासबुकाची कड पट्टीसारखी धरली आणि सहीच्या खाली-वर जेवढी मोकळी जागा होती तिच्यावरून तिरप्या रेघा मारल्या. एक बोटभर जागासुद्धा तिने सोडली नाही.

"आई, फोटोचंच पत्र आहे गं."

"असू दे की. कागद हाय न्हवं?"

त्या रेघा कुठून आल्या हे चैतालीला माहीत होतं. ती नऊ वर्षांची असताना, वडील यशवंत जाऊन सहा महिने झाले होते तेव्हा, विडीच्या ठेकेदाराकडचा माणूस घरी आला होता. कामगार कार्डं नवीन करायची आहेत, इथे अंगठा द्या, म्हणाला. कागद कोरा होता. नागूबाईने विचारलं तर म्हणाला, टाईप नंतर होतं, सगळ्याच बायांनी दिलाय. तिने दिला. महिन्याभराने कळलं की त्या अंगठ्याच्या वर लिहिलं गेलंय, मी राजीखुशीने काम सोडत आहे. अकरा वर्षांचं काम एका ओळीत गेलं. पुढे सात-आठ वर्षं ती दुसऱ्या बाईच्या कार्डावर, दुसऱ्या बाईच्या नावाने विड्या वळत होती.

त्या उन्हाळ्यात नऊ वर्षांच्या चैतालीने आईला सही शिकवली. खडूने फरशीवर. आईला अक्षरं लागत नव्हती, म्हणून तिने चित्रं करून दिली होती. ना म्हणजे खांबाला टेकलेली काठी आणि शेजारी उभी बाई. बा म्हणजे पोटात रेघ असलेलं मडकं, आणि तीच बाई. असं करत करत चार अक्षरं. नागूबाई ही चैतालीची पहिली विद्यार्थिनी. तेव्हापासून नागूबाईने कुठेही अंगठा दिला नव्हता. रेशनच्या यंत्रावर बोट ठेवायची ते वेगळं. त्याला ती अंगठा देणं समजत नसे, आणि तिथेही तो बऱ्याचदा उठत नसे. विडीच्या पानांनी आणि कात्रीने बोटांच्या रेषाच घासून गेल्या होत्या.

"मंग? शनवारी येऊ का न्हाय?" पत्र लेकीला परत देत नागूबाईने विचारलं, जणू काही सहज.

चैतालीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "येणार तू?"

"गल्लीतली चंद्रिका म्हनाली, नागूअक्का तुमी आला तर आमी येतो. वीसजनींचा खोळंबा माज्यापायी कशाला? पर मला काय येत न्हाय बग. तू आन् मास्तरलोक हसू नका."

"कोण हसतंय गं आई."

हे तिने मनापासून सांगितलं. तेव्हा तिला खरंच तसं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी कुठेतरी मोठ्या जलवाहिनीची दुरुस्ती निघाली आणि शुक्रवारचं पाणी शनिवारवर गेलं. मोबाईलवर निरोप आला तेव्हा चैताली भेंड्या निवडत होती. तिने निरोप तीनदा वाचला. मग भेंड्यांची पिशवी ओट्यावर ठेवून ती तशीच खुर्चीवर बसली. सतीश म्हणाला, कार्यशाळा पुढे ढकल. कशी ढकलणार? अठरा शिक्षकांना अठरा शाळांनी सोडायचं पत्र दिलेलं. तो म्हणाला, मग बायकांशिवाय कर. त्यावर तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा बाहेर जाऊन गाडी पुसायला लागला.

शनिवारी दहा वाजता अठराच्या अठरा शिक्षक हजर होते. वहीतलं एक कारण असं फुकट गेलं. सतरंजीवर एका बाजूला शिक्षक मांड्या घालून बसले, दुसरी बाजू रिकामी. चैताली दर दोन मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन येत होती. वस्तीकडून मोटारींची घरघर आणि हंड्यांचा आवाज येत होता, म्हणजे नळ जोरात होता. सव्वादहा झाले. साडेदहा झाले. बिराजदार सरांनी प्रास्ताविक सुरू केलं आणि चैतालीने आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे नसेल पण सरांकडे मनातल्या मनात मागणं मागितलं की ते लांबू दे. सरांनी निराश केलं नाही. तरी शेवटी माणूस किती बोलणार? पावणेअकराला तेही संपले, आणि मागून एकजण म्हणाला, "मॅडम, सुरू करू या का? का नुसतं भाषणच होतं?"

तेवढ्यात फाटक वाजलं. पुढे नागूबाई, मागे चंद्रिका आणि बाकीच्या. साड्यांचे काठ ओले, पदर खोचलेले, एकीच्या खांद्यावर अजून पाण्याची नळी गुंडाळलेली. नळी घरी ठेवायलाही ती विसरली होती. नागूबाईने ठेवणीतली निळी साडी नेसली होती आणि तिचाही काठ भिजला होता. वर्गाच्या दारात तिने चपला काढल्या आणि क्षणभर उंबऱ्यावर थांबली. आत फळा, भिंतीवर मुलांची चित्रं, समोर लेक. चैताली पुढे होऊन आईचा हात धरणार होती, पण अठरा शिक्षक बघत होते. ती फक्त म्हणाली, "या, बसा."

आता तिच्या मनात क्रम पक्का होता. आधी भेंडी, मग पान, मग दोरा, आणि अंगठा शेवटी. पण पाऊण तास गेलेला. बिराजदार सर तिच्या कानाशी लागून म्हणाले, "बाई, पटकन होईल असं काहीतरी आधी घ्या. सगळ्यांना जमेल असं. नाहीतर ह्या मास्तरांचं काही खरं नाही ओ."

पटकन होईल असं, सगळ्यांना जमेल असं. चौदा वर्षं तिने पहिलीच्या पोरांना पहिल्या दिवशी तेच दिलं होतं आणि पोरं आनंदाने ओरडली होती. तिने भराभर कोरे कागद वाटले, निळ्या शाईचे पॅड मधे ठेवले. आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला होता. आणि घाबरलेला माणूस जसा नको तिथे विनोद करतो तसा तिने केला.

"घाबरू नका कुणी! ज्याला काहीच येत नाही, त्याला अंगठा तर येतोच की! चला, सगळ्यांनी अंगठा शाईत बुडवा आणि कागदावर उमटवा."

शिक्षक हसले. युवराज सर म्हणून एक उत्साही गृहस्थ होते, त्यांनी अंगठा उंच धरून दाखवला. "चला, आज आम्ही सगळे अंगठेबहाद्दर!" आणखी हशा झाला.

बायकांच्या बाजूला कुणी हसलं नाही.

चैतालीला ते आधी कानाला कळलं. अर्धा वर्ग गप्प होता. तिने तिकडे बघितलं. चंद्रिकाने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. तिच्या शेजारच्या बाईने कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का, आणि परत उलटा केला. वीसही जणींच्या समोर वीस कोरे कागद होते आणि एकीचाही हात पुढे येत नव्हता. नागूबाई कागदाकडे बघत नव्हती. ती लेकीकडे बघत होती.

त्या नजरेत राग असता तर चैतालीला सोसला असता. राग नव्हता. आपण काय ऐकलं, याची खात्री करून घेत असल्यासारखी ती बघत होती.

नागूबाईने कागदाची घडी घातली, परत घडी घातली, आणि तो चौकोन शाईच्या पॅडखाली सारला. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. "पानी अजून यायलंय बाई," ती म्हणाली. लेकीला ती बाई म्हणाली. "टाक्या भरायच्या ऱ्हायल्यात. आमी जातो." तिच्यामागोमाग चंद्रिका उठली, मग तिसरी, मग सगळ्या. कुणी तक्रार केली नाही, कुणी आवाज चढवला नाही. बायका अशा उठल्या की जणू इथे आल्याच नव्हत्या.

पाणी दहा वाजून चाळीस मिनिटांनी गेलं होतं. मोटारी कधीच बंद झाल्या होत्या. वर्गातल्या प्रत्येकाला ते ऐकू येत होतं.

"काय झालं ओ?" बिराजदार सर म्हणाले. "ह्यांना काय अडचण? बाई, सांगा की त्यांना. नुसता अंगठा तर द्यायचा."

चैताली सतरंजीच्या मधोमध उभी होती. एकोणीस कारणं लिहिणारी बाई. निबर भेंडीची काळजी करणारी बाई! फरशीवरचा खडू, ती रेघ, पासबुकाची कड, सगळं पाठ असलेली बाई. तिला स्वतःचा संताप आला. आणि भीती वाटली, साधी, लहानपणची भीती, की आता आई त्या उंबऱ्याबाहेर गेली तर परत कधी येणार नाही. सरांना काहीतरी कारण सांगता आलं असतं. पाणी होतंच. पण कारण सांगायचं म्हणजे आईच्या खोट्याला दुजोरा देऊन तिला जाऊ देणं होतं. आणि खरं सांगायचं, तर अठरा परक्या माणसांपुढे आईची गोष्ट उघडी करायची, ज्याचा तिला काही अधिकार नव्हता.

"सर," ती म्हणाली, आणि आवाज फुटला. ती थांबली आणि परत म्हणाली, "सर, अडचण त्यांची नाही. मी चुकले. मी ह्या बायकांकडे कोऱ्या कागदावर अंगठा मागितला. आणि वर हसले."

त्यापुढे तिने एक अक्षर सांगितलं नाही, आणि सांगावंही लागलं नाही. समोर बसलेले शिक्षक काही विलायतेहून आले नव्हते. कुणी वैरागचा होता, कुणी मंगळवेढ्याचा, आणि प्रत्येकाच्या घरात मागे कुठेतरी एक अंगठा होता. युवराज सरांनी वर धरलेला निळा अंगठा हळूच खाली आणला. खिशातून रुमाल काढून ते तो पुसायला लागले, पण शाई काही निघेना.

नागूबाई दारात होती. एका पायात चप्पल, दुसरी अजून घालायची होती. तिने मागे वळून बघितलं.

"कळलं न्हवं?" ती म्हणाली.

"कळलं आई."

"मंग रडू नको. मास्तरीण हायेस की. मास्तरीण रडती व्हय वर्गात?"

तिने पायातली चप्पल परत काढली. का काढली, ते तिचं तिलाच ठाऊक. पण काढली, आणि आत येऊन पॅडखालचा कागद ओढून घेतला, घडी उलगडली, तळहाताने सुरकुत्या सारख्या केल्या आणि बायकांकडे वळली.

"बसा गं. आदी कागद भरा. ह्या कडंपासनं त्या कडंपतुर. कुनाला वर एक अक्षर काडाय जागा ठिवू नका. मदी अंगठ्यापुरती तेवडी सोडा. मंग द्या अंगठा, कुनाच्या बापाला भ्यायचं कारन न्हाय."

बायका बसल्या. मग चंद्रिकाने कमरेच्या पिशवीतून विडीचं पान कापायचा पत्रा काढला, पत्त्याएवढा, चौकोनी, कडा झिजून चकचकीत झालेला. तो कागदाच्या कोपऱ्यात ठेवून तिने भोवती रेघ ओढली. मग त्याला लागून दुसरी, तिला लागून तिसरी. पान वाया जाऊ नये म्हणून पत्र्याला पत्रा भिडवून कापायची सवय ह्या बायांना जन्माची. दोन चौकोनांत केसाएवढी फट राहिली नाही. "अय्यो, हे तर रोजचंच काम की," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. दुसरीने भेंडी उचलली आणि कडेने फुलं उठवत निघाली. तिसरीने चौकटीत ठिपके भरले, चौथीने पिंपळाचं पान लाल रंगात बुडवलं. जिला काही सुचेना तिने नुसत्या उभ्या-आडव्या रेघा मारल्या, पण अशा दाट मारल्या की खालचा पांढरा रंग शोधावा लागला असता.

चैताली बघत राहिली. चौदा वर्षं तिने मुलांना सांगितलं होतं, सगळा कागद भरू नका, थोडी जागा मोकळी सोडा, चित्र उठून दिसतं. पुस्तकात तसंच आहे आणि ते खोटंही नाही. पण इथे वीस कागदांवर कुठेही मोकळी जागा नव्हती, आणि प्रत्येक कागदाच्या मधोमध अंगठ्याएवढं पांढरं टिंब होतं. नजर टाकली की ती थेट तिथेच जात होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं असं काहीतरी तिच्यासमोर चाललं होतं, आणि तिचे हात मोकळेच लोंबत होते.

शिक्षक उठून बायकांच्या बाजूला आले, वाकून बघायला लागले. युवराज सरांनी मघाच्या उत्साहात अंगठ्याचा हत्ती केला होता. कागदाच्या मधे एक इवलासा हत्ती आणि भोवती सगळं मोकळं. चंद्रिकाने तो बघितला आणि तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी दिसली.

"सर, एवडी जागा? वर कायबी लिवतील की ओ तुमच्या."

सगळे हसले. या वेळी बायका आधी हसल्या. युवराज सरही हसले, आणि तिच्याच शेजारी बसून त्यांनी पत्रा मागून घेतला. बारा वाजेपर्यंत सतरंजीच्या दोन बाजू राहिल्या नव्हत्या. बिराजदार सर, ज्यांना आयुष्यात एक सरळ रेघ आली नव्हती, ते एका बाईच्या हाताखाली कांद्याचे ठसे मारत होते आणि ती त्यांना ओरडत होती की सर, दाबून मारा, अर्धवट उठायलंय.

एकेकीचा कागद भरला तशी ती अंगठा देत गेली. देताना प्रत्येकीने आधी कागद डोळ्यांजवळ नेऊन चारी कोपरे बघितले. नागूबाईने शेवटी दिला. तिचा कागद रेघांचा होता, सगळ्या तिरप्या, पासबुकाच्या कडेने मारतात तशा, पण निळ्या, लाल, हिरव्या. फोटो काढायला सगळ्यांनी कागद छातीशी धरले.

दुपारी दोनला सगळे पांगले. बायका कागद घरी घेऊन गेल्या. भिंतीवर लावायला मागितले तर चंद्रिका म्हणाली, हे तर आमचं कार्ड आहे. वर्गात मायलेकी उरल्या. नागूबाई नळाखाली ताटल्या विसळत होती, चैताली सतरंजी झटकत होती. मघाचं सगळं चांगलं झालं होतं, पण त्या विनोदाबद्दल आईने चैतालीशी अजून एक शब्दही काढला नव्हता.

"आई, मी ते मुद्दाम नाही—"

"म्हाईत हाय."

नागूबाईने हात पदराला पुसले. टेबलावर उरलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून तिने एक काढला. पांढराशुभ्र, कोरा. शाईचं पॅड जवळ ओढलं, उजवा अंगठा बुडवला, आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे अर्जावर सही असते तिथे, दाबून उठवला. ठसा गुळगुळीत आला. एकही रेष नव्हती त्यात, नुसता निळा डाग.

तिने कागद लेकीपुढे धरला.

"ह्ये घे. ह्यो तुला."

चैतालीने कागद घेतला. वर सगळा मोकळा होता. शाई ओली होती. तिचा हात आपोआप टेबलावरच्या पट्टीकडे गेला. कागद असा उघडा ठेवायचा नसतो. कुणाच्या हाती लागला तर? वरून तिरपी रेघ मारायची, एक बोटभर जागा सोडायची नाही. तिने पट्टी ठेवली, पेन उघडलं.

नागूबाईने तिच्या हातावर आपला ओला हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुज्याकडं हाय न्हवं."